अभ्यासिकेतले सात पंखे: वंगणाच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

दिवाळीची सुट्टी संपवून अभ्यासिका काल पुन्हा उघडली. सात संगणक चालू केले आणि अर्ध्या तासात बँकेच्या परीक्षेला बसणाऱ्या दोन मुली वह्या घेऊन जिन्यात जाऊन बसल्या. विचारलं तर म्हणाल्या, "ताई, आत गिरणीत बसल्यासारखं होतंय." खोटं नव्हतं. शेजारच्या घरात सहा माग चालतात, बेळगावच्या वडगावात त्या खटखटीत आम्ही लहानाचे मोठे झालो. तिला ताल आहे, त्यामुळं ती कानाला टोचत नाही. संगणकाच्या पंख्याची घरघर मात्र मध्येच चढते, मध्येच विरते, आणि दर वेळी वाचणाऱ्याचं लक्ष ओढून नेते.

सगळे पंखे नवे घ्यायचे तर यंदा पैसे नाहीत. जे आहेत ते स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांना लागणार. वंगण घालून जेवढे वाचतील तेवढे वाचवायचे असं ठरलं आणि काम माझ्याकडं आलं, कारण लग्नाआधी मी हार्डवेअरचा कोर्स केला होता आणि अजून घरी दुरुस्तीची कामं घेते.

एक गोष्ट सुरुवातीलाच लिहून ठेवते. गणपतीच्या सुमारास एक नंबरच्या पंख्यावर मी गंज सोडवायचा स्प्रे मारला होता. आवाज तिथल्या तिथं बंद. पोरांना आनंद, मलाही. तीन-चार आठवड्यांत तो पंखा आधीपेक्षा जास्त ओरडायला लागला. नेमका कधी, ते सांगता येत नाही, कारण मी काहीच लिहून ठेवलं नव्हतं. या वेळी प्रत्येक पंख्याची तारीख टाकून नोंद ठेवणार. पहिल्या दिवशी कुठलंही तेल पंखा गप्प करतं. पुढच्या पावसाळ्यातही तो गप्प ठेवणारं तेल मला शोधायचं आहे.

१६ नोव्हेंबर, शनिवार

आज तेलाला हात लावला नाही, फक्त ऐकलं. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करणारे लोक बेअरिंगचा आवाज ऐकायला लांब स्क्रूड्रायव्हर वापरतात. टोक मशीनच्या अंगाला टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला. आत्तेभावाकडून शिकले होते. तेच पंख्याच्या स्थिर चौकटीवर केलं, मधल्या गोल भागाजवळ, पात्यांपासून लांब. बाहेर सगळे आवाज एकमेकांत मिसळतात, हाडातून मात्र प्रत्येकाचा वेगळा कळतो.

चार नंबरचा अर्धा आवाज पंख्याचा नव्हताच. कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्याचा एक स्क्रू गायब होता आणि पत्रा थरथरत होता. स्क्रू बसवला, ती गुणगुण गेली. सहा नंबरमध्ये एक वायर पात्याला घासत होती, टिक टिक टिक. केबल टायने ओढून बांधली. हे दोन्ही आवाज मी तेलाने घालवायला बसले असते तर तेल कितीही चांगलं असतं तरी वाया गेलं असतं.

उरलेला आवाज दोन जातींचा. तीन नंबर तेवढा शांत. पाच पंख्यांत घरघर आहे, जड, चालू केल्यावर जास्त, दहा मिनिटांनी जरा कमी. पाच नंबरची खरखर वेगळी, दातांखाली वाळू आल्यासारखी, आणि ती गरम झाल्यावरही तशीच राहते. पहिली जात कोरड्या बुशची, म्हणजे पंख्याचा दांडा (शाफ्ट) ज्या नळीत फिरतो तिची, दुसरी बॉल बेअरिंगची. पाच नंबरच्या मागच्या लेबलवर तसं छापलेलंही आहे. त्यात आत दोन इवल्याशा बेअरिंगी असतात, गोळ्या आणि त्यांची वाट एकदा चेपली की तेल त्यांना सपाट करू शकत नाही. पाच नंबर यादीतून काढला. तो बदलायचाच.

पॉवर सप्लायच्या डब्यातले पंखे या प्रकल्पात घेत नाही. त्या डब्यात २३० व्होल्टचा प्रवाह सरळ होऊन सुमारे ३२५ व्होल्ट कपॅसिटरमध्ये साठतो आणि प्लग काढल्यावरही काही वेळ तिथंच राहतो. अभ्यासिकेत मुलं मागं उभी राहून बघतात. त्यांच्यासमोर तो डबा उघडायचा नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

दोन नंबरचा मागचा पंखा घरी आणून उघडला. ८० मिलिमीटरचा, १२ व्होल्टचा, तीन वायरींचा.

मागचं गोल स्टिकर ब्लेडच्या टोकाने एका कडेनं उचललं, पूर्ण काढलं नाही. त्याखाली रबराचं छोटं बूच. ते काढलं की शाफ्टचं टोक आणि त्याच्या खाचेत अडकवलेली नायलॉनची पांढरी चकती दिसते, एका ठिकाणी चिरलेली. ही चकती म्हणजे पंख्याची जीवनदोरी, तीच पात्याला आत धरून ठेवते. दोन सुयांनी चीर फाकवून ती काढावी लागते. माझ्या हातून ती उडाली आणि आईच्या मशीनखाली गेली. आईने काही न बोलता चुंबकाची डबी पुढं केली, मग दोघींच्या लक्षात आलं की नायलॉनला चुंबक काय करणार. शेवटी ओल्या बोटानं फरशीवरून उचलली. यापुढं पंखा पारदर्शक पिशवीत हात घालूनच उघडायचा.

चकती निघाल्यावर पातं पुढून अलगद ओढलं. बाहेर आला तो सुमारे ३ मिलिमीटर जाडीचा पोलादी शाफ्ट, आणि त्याच्या मुळाशी गुंडाळलेला तंतूंचा पट्टा. साधी धूळ नव्हती ती. सुईच्या टोकानं सोडवला तर जांभळा, मग हिरवा, मग पुन्हा जांभळा. शेजारच्या मागावर ज्या रंगाच्या साड्या विणल्या गेल्या त्यांचे तंतू हवेतून आत आले, शाफ्टवर थरावर थर बसले आणि कांडी भरावी तसे घट्ट झाले. तेल त्यांनीच पिऊन टाकलं होतं. ओढून बघितलं तर हाताला तेलकट लागत होते आणि बुश मात्र कोरडा.

बुश म्हणजे ब्राँझची नळी, पण भरीव ब्राँझची नव्हे. तांबं आणि कथील यांची भुकटी साच्यात दाबून, भट्टीत भाजून ती करतात, साधारण दहात नऊ भाग तांबं. भुकटीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या राहतात, नळीच्या आकारमानाच्या पाचव्या हिश्श्याइतक्या, आणि त्यात तेल मुरवलेलं असतं. पंखा फिरून गरम झाला की तेल पोकळ्यांतून शाफ्टवर येतं, थांबून गार झाला की पुन्हा आत ओढलं जातं. चुलीवरच्या मडक्याला पाझर यावा आणि परत जिरावा तसं. नवा पंखा वर्षानुवर्षं तेल न घालता चालतो तो या साठ्यावर.

त्यावरून गणपतीतल्या स्प्रेचं कोडं सुटलं. त्या स्प्रेत बराचसा भाग पातळ, उडून जाणारा द्रव असतो. गंजलेला नट सोडवायला तोच उपयोगी, कारण तो बारीक फटीत शिरतो. बुशच्या पोकळ्यांतही तो शिरला, आत उरलेलं जुनं तेल पातळ करून बाहेर काढलं आणि उडून गेला. एक नंबरचा साठा मीच रिकामा केला.

आईनं बुश उजेडाकडं धरून बघितला. तिचं शिवणाचं मशीन माझ्याहून वयानं मोठं आहे. म्हणाली, "माझ्या मशीनसारखंच हाय की हे. पण मी रोज सकाळी थेंब थेंब घालते. ह्याला कोण घालणार रोज?"

हा प्रश्न वहीच्या कव्हरवर लिहून ठेवलाय.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज तेलं गोळा केली. घरातल्या जेवणाच्या टेबलावर खोकल्याच्या औषधाच्या सात बाटल्या मांडल्यात, प्रत्येकीवर चिकटपट्टी आणि नाव.

आत्तेभावानं उद्यमबागेतून दोन आणली. तिथं हायड्रॉलिकचं काम मोठं, '६८ नंबर' म्हटलं की पुढं काही बोलावं लागत नाही. त्यानं ३२ आणि ६८ दोन्ही आणली आणि मला पहिल्यांदा नंबरचा अर्थ नीट समजावला. ४० अंश सेल्सियसला तेल किती दाट आहे त्याचं ते माप, सेंटिस्टोकमध्ये. आकडा मोठा तर तेल दाट. शिलाई मशीनची तेलं यापेक्षा पातळ असतात, दहा ते वीसच्या आसपास. मोटारसायकलच्या इंजिनचं २०डब्ल्यू-४० याच मापानं शंभरीच्या वर जातं.

दोन्ही हातांच्या नखांवर एकेक थेंब घेऊन नखं तिरकी केली. शिलाईचं पाण्यासारखं घसरलं. ३२ जरा रेंगाळलं. ६८ नखाच्या कडेला येऊन थांबलं. शाफ्ट आणि बुश यांच्यातली फट केसाच्या जाडीहून कितीतरी बारीक, आणि मोटर अगदी अशक्त. तिला दाट तेलातून शाफ्ट फिरवायला लावलं तर वेग पडणार. उलट फार पातळ तेल शाफ्ट आणि बुशमध्ये टिकून राहत नाही, धातूला धातू लागतो. आमचा वाद या दोन टोकांमध्ये आहे.

शेजारच्या मागांवर जॉबरकी, म्हणजे मागांची देखभाल, करणाऱ्या मामांनी त्यांच्या तेलाच्या कुप्पीतून चार चमचे दिले. "घे पोरी, पण ह्याचा भरवसा वर्षाचा धरू नको. मागाला आम्ही रोज तेल देतो. आणि हे मुद्दाम असलं असतंय, कापडावर डाग पडला तर धुऊन निघावा म्हणून." डब्यावर नंबर नाही. मोठ्या पिंपातून सुटं आणतात.

आईनं रोज थेंब घालायचं सांगितलं, मामांनीही तेच. त्यांची तेलं चांगली आहेत, पण रोज तेल मिळणाऱ्या यंत्रांसाठी. माझा पंखा मिनिटाला २४०० फेऱ्यांनी फिरतो, म्हणजे सेकंदाला ४०. अभ्यासिकेच्या नुसत्या संध्याकाळच्या चार तासांत शाफ्ट ५ लाख ७६ हजार वेळा फिरतो, आणि त्याला तेल मिळणार वर्षातून एकदा. निवड या हिशेबावर करायला हवी.

जी तेलं घ्यायचीच नाहीत त्यांची कारणं लिहिते, कारण दर आठवड्याला कुणीतरी तीच सुचवतं. गिअर ऑइल नको, त्यात जड दाबासाठी गंधकाची द्रव्यं असतात आणि ती ब्राँझला खातात. इंजिन ऑइल अडल्यावर चालेल, पण त्यातली द्रव्यं घाण तरंगती ठेवायला घातलेली असतात, म्हणजे फिल्टरनं ती गाळून घ्यावी. पंख्यात फिल्टर कुठला? कुलपाला घालतात ती शिशाची पूड, म्हणजे ग्राफाइट, तर मुळीच नको. ती वीज वाहते आणि बुशच्या शेजारीच पंख्याची इलेक्ट्रॉनिक चकती असते. सिलिकॉनचा स्प्रे रबर-प्लास्टिकला ठीक, पोलाद ब्राँझवर घासतं तिथं तो तग धरत नाही.

आबांनी एरंडेल सुचवलं. ते खानापूरकडचे. लहानपणी बैलगाडीच्या आसाला एरंडेलाचं वंगण घालायचं काम त्यांच्याकडं असायचं. वंगण हा शब्द माझ्या डोक्यात त्यांच्याच तोंडून आला. एरंडेल धातूला घट्ट धरून राहतं हे खरं आहे, आणि गाडीच्या आसाला तेच हवं होतं: मोठी फट, सावकाश चाक, बैलांचा जोर. पंख्यात यातलं एकही नाही. आबांना तसं सांगितलं तर ते म्हणाले, "मग तुला पाण्यासारखं आणि मधासारखं ह्याच्या मधलं पाहिजे." बरोबर तेच.

टिकाऊपणा बघायला आणखी एक प्रयोग लावला. स्टीलच्या डब्याच्या झाकणावर प्रत्येक तेलाचा एक थेंब पसरून पातळ थर केला आणि झाकण माळ्यावर पत्र्याखाली ठेवलं. सोबत खोबरेल आणि शेंगतेलही. एप्रिलपर्यंत हात लावायचा नाही.

१ डिसेंबर, रविवार

सगळे पंखे साफ करून भरले. सकाळी नऊला बसले, उठले साडेचारला.

सफाई आयसोप्रोपिल अल्कोहोलनं. कानातल्या काड्यांचा कापूस बुशमध्ये तंतू सोडतो म्हणून आईनं जुन्या पॉपलीनच्या बारीक पट्ट्या कापून दिल्या, त्या सुईत ओवून बुशमधून ओढल्या. पहिली पट्टी काळी, दुसरी करडी, चौथी स्वच्छ. रॉकेल किंवा पेट्रोल वापरलं नाही. पेट्रोल काही प्लास्टिकांना तडे पाडतं आणि रॉकेल मागं तेलकट थर ठेवतं.

तेल किती घालायचं यावर मी जास्त वेळ घालवला. थेंब म्हणजे नेमका किती, हे बाटलीगणिक बदलतं. मेडिकलमधून इन्शुलिनच्या लाल टोपीच्या सिरिंज आणल्या. त्यांवर एका मिलीलीटरला ४० खुणा असतात, म्हणजे २ खुणा ०.०५ मिली. एक खूण बुशमध्ये, शाफ्ट घालून पातं हातानं वीसेक वेळा फिरवायचं, पाच मिनिटं थांबायचं, तेल जिरलं की दुसरी खूण. बुश तेल पितो ते डोळ्यांना दिसतं. चकाकणारा काठ हळूहळू मंद होत जातो. तिसरी खूण घातली तर ती वर तरंगते, आणि पंखा फिरायला लागला की तीच पात्यांवर उडून धूळ धरणार.

बूच बसवल्यावर स्टिकरखालची जागा अल्कोहोलनं पुसली. तेलाचा हात लागलेला असला तर स्टिकर चिकटत नाही, आणि स्टिकर सुटलं की तेल बाहेर, तंतू आत. ज्यांचा गोंद मेला होता त्यांना ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावली.

कुणात काय: एक आणि सहा नंबरमध्ये ३२. दोनमध्ये शिलाईचं. चारमध्ये पांढरं ग्रीस, कारण मला स्वतःला खात्री करून घ्यायची होती. सातमध्ये मामांचं मागाचं तेल. ६८ कुणातच घातलं नाही. जुन्या निकामी पंख्यावर घालून बघितलं तेव्हा सकाळच्या गारव्यात तो रेंगाळत उठला. तीन नंबरचा प्रोसेसरवरचा पंखा उघडला तर आत आधीच ताजं तेल होतं, ओळखीच्या वासाचं. एका मुलानं दिवाळीआधी डोक्याला लावायचं खोबरेल घातलं होतं. मदत करायचीच भावना होती त्याची आणि पंखा खरंच शांत होता. त्याला रागावले नाही. तो पंखा तसाच बंद करून यादीत घेतला.

सहाही पंखे गप्प. बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, दिसणारे वेग लिहिले: एक २३९०, दोन २४३०, चार २०६०, सहा २३८०, सात २४१०. ग्रीसनं तीनशेच्या वर फेऱ्या खाल्ल्या.

१५ डिसेंबर, रविवार

सगळे शांत. लिहिण्यासारखं काही नाही.

५ जानेवारी २०२५, रविवार

आज लिहिण्यासारखं आहे.

बेळगाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर, इथली जानेवारीतली सकाळ बोचते. पोलीस भरतीची मुलं पहाटेचा सराव आटोपून साडेसहाला थेट अभ्यासिकेत येतात. मला फोन आला की तीन नंबर चालू होत नाही. जाऊन बघितलं तर स्क्रीनवर पंख्याची चूक दाखवणारा संदेश. भिंतीवरचा तापमापक १६ अंश.

झाकण काढलं. पातं एक बोटभर हलायचं, थरथरायचं, थांबायचं. मग परत तोच प्रयत्न. बोटानं टिचकी दिल्यावर ते जडशीळ फिरायला लागलं, पाच मिनिटांनी प्रोसेसरची ऊब लागली आणि काही झालंच नाही असं चालू लागलं.

पंखा बंद करून बाहेर काढला, खिडकीत गारव्याला ठेवला, अर्ध्या तासानं उघडला. शाफ्टभोवती पांढरा, मऊ मेणासारखा थर. खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठतं. थंडीत न्हाणीघरातली बाटली आपण गरम पाण्यात ठेवतो ते सगळ्यांना माहीत आहे, पण तेच पंख्याच्या बुशमध्ये घडतं असं सहसा कुणाच्या मनात येत नाही. ज्या मुलानं तेल घातलं होतं तो शेजारी उभा होता. त्यानंच सुईनं तो पांढरा थर काढला आणि माझ्याकडून सिरिंज घेऊन शिलाईच्या तेलाच्या दोन खुणा त्यानंच घातल्या. हात स्थिर आहे त्याचा. यापुढं तो माझ्याबरोबर काम करणार.

तीन नंबरला शिलाईचं तेल देण्यात हेतू होता. दोन नंबर कॅबिनेटच्या पाठीला, गार जागी. तीन नंबर प्रोसेसरच्या डोक्यावर, गरम जागी. तेल एकच, ऊब वेगळी.

१९ जानेवारी, रविवार

चार नंबरचं ग्रीस हरलं. घरघर परत आली, सकाळी जास्त. उघडल्यावर कारण समोरच दिसलं: ग्रीस बुशच्या दोन्ही टोकांना ढकललं जाऊन कडं करून बसलंय आणि मधला शाफ्ट जवळजवळ कोरडा. ग्रीस म्हणजे साबणासारख्या द्रव्यात धरून ठेवलेलं तेल. एकदा बाजूला सरकलं की आपणहून परत वाहत येत नाही. शिवाय त्या साबणानं बुशच्या पोकळ्यांची तोंडं बंद केली असणार, कारण साफ केल्यानंतर पहिली खूण जिरायला वीस मिनिटं लागली. खास पंख्यांसाठी केलेली ग्रीसं वेगळी असतील, पण दुकानातल्या डबीतलं पांढरं ग्रीस पुन्हा नाही. चारमध्ये ३२ भरलं, वेग २३५० वर आला.

९ मार्च, रविवार

पाच नंबरला नवा पंखा बसवला. बाकी शांत.

एक नंबरच्या बाबतीत मन खात होतं. स्प्रेनंतर काही आठवडे तो कोरडा फिरला होता. आज शाफ्टचं टोक बोटांत धरून हलवलं तर चक्क बाजूला हलतो. बुश आतून अंडाकृती झाला आहे. तेल ती पोकळी भरून काढतं म्हणून आवाज दबलेला आहे एवढंच. तो किती दिवस दबतो ते बघायचं.

२० एप्रिल, रविवार

माळ्यावरचं झाकण खाली काढलं. पत्र्याखाली दुपारी हात ठेववत नाही इतकं तापतं, पाच महिने ते तिथं होतं.

शेंगतेलाचा थर पिवळट, चिकट. बोट लावलं तर तार येते, नखानं खरवडावा लागतो. स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट पंख्यावर जो चिवट थर बसतो तोच हा, खाद्यतेल हवेशी मिसळून रोगणासारखं होत जातं. खोबरेल तेवढं चिकटलं नव्हतं, पण खवट वास मारत होतं. स्प्रेच्या जागी नुसता पुसट डाग. शिलाईचं तेल तेलच राहिलंय पण थर फार पातळ उरलाय, कडेला पसरत गेलाय. मागाच्या तेलाचंही तसंच. ३२ आणि ६८ घातले तेव्हा होते तसेच, बोट फिरवलं की चकाकतात.

आई बराच वेळ शेंगतेलाच्या डागावर नख फिरवत बसली. मग सांगितलं, की लग्नानंतर पहिल्या वर्षी तेल आणायला पैसे नव्हते म्हणून तिनं मशीनला गोडं तेल घातलं होतं. मशीन दोन महिन्यांत आखडलं, आणि दुरुस्तीसाठी तिनं कानातले गहाण ठेवले. हे मला आजवर माहीत नव्हतं. तिचं तेल रोज का घालायचं, याच डब्यातलं का, दुसरं का नाही, या शिस्तीमागं काय होतं ते कळलं.

एक नंबर पुन्हा घरघरतोय. त्याला नवा पंखा. त्याच्या बुशला मी आधीच मारलं होतं, तेलाचा दोष नाही.

६ जुलै २०२५, रविवार, आषाढी एकादशी

पोरं कमी, बाहेर धार लागलेली, भिंतींना ओल. आठ महिने झाले, आज सगळे उघडून बघितले. सुया आणि पॉपलीनच्या पट्ट्या यांवर आता त्या मुलाचा हात माझ्यापेक्षा जलद चालतो.

दोन नंबर, गार जागी, शिलाईचं तेल: शांत, शाफ्टवर तेलाची चमक आहे, पण पुसट. तीन नंबर, गरम जागी, तेच तेल: जूनच्या मध्यापासून सकाळची घरघर सुरू, आज बुश जवळजवळ कोरडा. जानेवारीत भरला होता, साडेपाच महिने टिकला. चार आणि सहा, ३२: शाफ्ट ओला, तेलाचा रंग थोडा गडद, वेगात फरक नाही. सहा नंबर डिसेंबरपासून अखंड शांत आहे, स्क्रूड्रायव्हर कानाला लावला तरी नुसती हवा ऐकू येते. सात, मागाचं तेल: बोलत नव्हता, पण पट्टी पुसल्यावर तेलापेक्षा काळपट ओलावाच जास्त आला. जॉबर मामांना पट्टी दाखवली. त्यांनी वास घेतला, मान हलवली. "सांगितलं होतं की तुला. रोजचं तेल ते."

गरम जागेच्या पंख्याला शिलाईचं तेल घालायचं असेल तर वर्षातून दोनदा तारीख ठरवून घालावं लागेल, आणि अभ्यासिकेत ती तारीख चुकणार हे मी अनुभवानं जाणते. म्हणून तीन आणि सातमध्ये आज ३२ भरलं. दोन नंबर चांगला चाललाय, त्याला हात लावला नाही. आत्तेभावानं दिलेली बाटली अजून जवळजवळ तशीच भरलेली आहे. सगळ्या पंख्यांना मिळून आठ महिन्यांत चहाच्या चमच्याचा दहावा भागही लागला नाही.

तंतूंसाठी प्रत्येक कॅबिनेटच्या पुढच्या जाळीला आईनं जुन्या मच्छरदाणीचे तुकडे शिवून दिलेत, वेल्क्रोनं निघतात. मुलांनी पाळीनं दर रविवारी झटकायचे. आजच्या तुकड्यावर केशरी तंतू होते.

त्या मुलानं मार्कर घेऊन सात नंबरच्या झाकणाच्या आत लिहिलं: ६ जुलै २०२५, ३२ नंबर, २ खुणा. मग तीन नंबरचं झाकण पुढं ओढलं.